दोघांची साक्ष

शनिवारी दुपारी लेक डबा घेऊन दुकानात पोचली, तेव्हा बाबा एका शिंपीणबाईंशी हुज्जत घालत होते. दुकान कसलं, शिलाई मशीन दुरुस्त करायची खोली. दोन माणसं बसली की तिसऱ्याने दारातच उभं राहायचं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर मशीनं. कुणाचं चाक काढलेलं, कुणाची सुईची दांडी बाहेर लोंबणारी.

"मशीन दोरा खातं, हे तुम्ही चौथ्यांदा सांगताय," बाबा म्हणाले. "बाई, त्याला पोटच नाही, खाईल कुठून?"

"मग खाली गुंता होतो तो काय मी बोटांनी करते?"

"वरचा दोरा नीट ओवत नाही तुम्ही. गुंता खाली दिसतो, म्हणून खालच्या बॉबिनला शिव्या घालता." त्यांनी दोरा काढून पुन्हा ओवला, चाक हाताने दोनदा फिरवलं आणि चिंधीवर सरळ टीप मारून दाखवली. "झालं. पुढच्या वेळी घरीच ओवून बघा. एवढं ओझं उचलून आणू नका."

"म्हणजे चूक माझीच."

"छे, छे. माझ्याकडे येणाऱ्यांच्या चुका नेहमी मशीनच करतं."

शिंपीणबाई हसत सुटल्या. जाता जाता लेकीला म्हणाल्या, "या वयात यांच्या जिभेला तेल कोण घालतं गं? तूच ना?"

"त्याची कुपी त्यांनी लपवून ठेवली आहे," लेक म्हणाली.

लेकीचं वय पंचेचाळीस. एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायची तिची नोकरी, शनिवारी अर्धा दिवस. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, शनिवारचा डबा तिचा. बाबांनी साबणाने हात धुतले, तरी नखांच्या कडेची काळी रेघ होती तिथेच राहिली. ती कधी जातच नसे. डबा उघडून त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, डोळे उघडले आणि म्हणाले, "मीठ कमी घातलंयस."

"आधी खाऊन तर बघा."

"वासावरून कळतं."

"डॉक्टरांनी कमी सांगितलंय."

"बरोबर आहे. शास्त्र म्हणतं आपणच जगाचं मीठ. मग वरून कशाला घालायचं?"

ते सावकाश जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी डबा पुसून तिच्या हाती दिला आणि तिच्याकडे न बघता, टेबलावरचे स्क्रू एका बशीत गोळा करत विचारलं, "उद्या पहिला रविवार. माझ्याबद्दल मनात काही आहे का गं?"

"नाही हो बाबा. काय असणार?"

"बरं."

बस्स, एवढंच. दर महिन्याला पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी हा प्रश्न यायचा आणि त्याला हेच उत्तर जायचं. चौदा वर्षं. लेकीला आता तो प्रश्न ऐकूही येत नसे. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसा. ती डबा पिशवीत घालून निघाली. दारातून वळून म्हणाली, "उद्या साडेनऊला येते. तयार राहा. त्या जिन्याला आपल्याला वेळ लागतो."

"जिना तिथेच आहे," बाबा म्हणाले. "पळून जात नाही तो."

*

त्या प्रश्नामागची गोष्ट अशी.

त्यांची ख्रिस्ती मंडळी लहान, साठ-सत्तर माणसांची. एका लाकडाच्या वखारीवरचा मोठा हॉल त्यांनी फार वर्षांपूर्वी घेतलेला. बावीस पायऱ्या चढून गेलं की दोन्ही बाजूंना बाक, पुढे पांढऱ्या कापडाचं मेज. पाळक ठेवायचा नाही, आपल्यातल्याच दोन-तीन जाणत्यांनी मंडळी सांभाळायची, अशी रीत. शास्त्रात लिहिलंय ते जसंच्या तसं करायचं, याचा त्यांना मोठा अभिमान. बायकांनी डोक्यावर रुमाल घ्यायचा आणि सभेत बोलायचं नाही. कुणाविषयी काही ठरवायचं तर दोघांची किंवा तिघांची साक्ष लागायची, कारण तसं लिहिलेलं आहे. एकदा कोपऱ्यातल्या पंख्याने कुणाच्या डोक्यात धूळ पाडली, त्याचीही म्हणे दोघांनी साक्ष दिली होती, तेव्हा कुठे पंखा पुसायचा ठराव झाला. हा विनोद बाबांचाच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. भाकर आणि प्याला. सगळे रांगेने पुढे जायचे.

चौदा वर्षांपूर्वी मंडळीचे जाणते दोनच होते: बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ. हे काका औषधांचं दुकान चालवायचे. स्वभावाने वाईट नाहीत, पण गोळ्या मोजाव्यात तशी वचनं मोजायचे. लेकीचा नवरा याच मंडळीतला, गाणी सुरू करून द्यायचा. आवाज असा की लोकांचे डोळे भरून यायचे. घरी आल्यावर तोच माणूस हात उचलायचा. तीन वर्षं तिने कुणाला सांगितलं नाही. चौथ्या वर्षी कानाला कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा सांगितलं, घर सोडलं आणि कायद्याने मोकळी झाली.

काकांनी शास्त्र उघडलं. घटस्फोटाला तिथे एकच कारण दिलेलं आहे, व्यभिचार, आणि मारहाण हे ते कारण नाही. म्हणून परत जावं, नाहीतर भाकर-प्याल्यापासून दूर राहावं. एका रविवारी त्यांनी हे हॉलमध्ये उभं राहून वाचून दाखवलं. लेक तिसऱ्या बाकावर बसलेली, कानात कापूस. वाचून झाल्यावर काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "यावर कुणाला काही बोलायचं आहे?"

बोलू शकेल असा दुसरा जाणता एकच होता. बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखांची काळी रेघ अंगठ्याने घासत राहिले. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की खाली वखारीतला करवतीचा आवाज वर आला. मग काका म्हणाले, "तर मग ठरलं."

गाणारा नवरा त्या दिवशीही पुढे जाऊन भाकर घेऊन आला.

पुढच्या महिन्यात बाबांनी जाणतेपण सोडलं आणि जाऊन बसले शेवटच्या बाकावर, दाराजवळ. सगळे रांगेने पुढे गेले, ते उठले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. लोक म्हणाले, भावावर रुसलेत. काका दोन वेळा घरी आले. म्हणाले, "दादा, माझ्यावर राग असेल तर बोल ना. मी पाया पडायला तयार आहे." बाबा म्हणाले, "तुझ्यावर काही नाही रे. चहा घे."

मंडळीतल्या सगळ्यांनी ते वचन लहानपणापासून ऐकलेलं: अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास आणि तिथे भावाची आठवण झाली, तर अर्पण तसंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच लावला होता, की मनात राग असेल तर पुढे जाऊ नये. तेही कुणी पाळत नव्हतं, ते सोडा. एकमेकांची तोंडं न बघणारे दोन साडू एकाच प्याल्याला ओठ लावायचे, फक्त मध्ये चार माणसं सोडून. पण पुस्तकांत आयुष्य गेलेल्या लेकीने ते वचन नीट वाचलं होतं. तिथे तुझ्या मनात भावाबद्दल काही असेल तर, असं नाहीच. भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही असेल तर, असं आहे. ज्याला राग आलाय तो नव्हे, ज्याने राग आणलाय त्याने थांबायचं. बाबा शेवटच्या बाकावर कुणासाठी बसले होते, हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

आणि दर महिन्याला शनिवारी ते विचारायचे.

सुरुवातीच्या वर्षांत लेकीला वाटायचं, एकदा तरी हा माणूस पुढचं वाक्य बोलेल. मी गप्प बसलो, चुकलो, एवढंच. ते कधी आलं नाही. मनात काही आहे का, एवढं विचारून ते स्क्रू गोळा करत बसायचे. तीही मग, काय असणार, म्हणायची. एकदा तिने भीत भीत विषय काढला होता, आडून. म्हणाली, "बाबा, सगळे जातात पुढे. तुम्हीच काय सगळं शास्त्र पाळणार आहात?"

"सगळं पाळणारा माणूस मला अजून भेटायचाय," ते म्हणाले. "एक तरी नीट पाळू दे की मला."

ती तेव्हा हसली होती, पण घरी जाताना बसमध्ये तिला भयंकर चीड आली. एक पाळायचं, तर तेही बसून पाळता येतं ते निवडलं. उठून बोलायचं होतं ते नाही. काकांनी स्वतःच्या सोयीचं निवडलं, बाबांनी स्वतःच्या. एवढ्या जाड पुस्तकातून प्रत्येकाने आपापल्या मापाचा कपडा बेतून घेतला होता.

नंतर चीडही दमली. मंडळीत जायचं तिने कधीच सोडलं होतं, पण तीन वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले आणि बावीस पायऱ्या त्यांना एकट्याने चढवेनात. तेव्हापासून ती डोक्याला रुमाल बांधून त्यांना घेऊन जाऊ लागली. शेवटच्या बाकावर एकाच्या जागी दोघं बसू लागले, एवढाच फरक.

*

रविवारी साडेनऊला ती गेली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, पाठ भिंतीला. एक बूट पायात, दुसरा हातात. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. पहिल्यांदा तिला वाटलं, डुलकी लागली.

डॉक्टर आले, कागद झाले. शेजारणीने चहा केला, तो तसाच राहिला. अकराच्या सुमाराला, उपासना अर्धी टाकून, काका आले. धावत आल्यामुळे की कशामुळे, त्यांना धाप लागली होती. ते भावाच्या पायांशी बसले, हातातला बूट हळूच सोडवून घेतला आणि पायात घातला. मग नाडी बांधली. दोन गाठी मारल्या, लहान मुलाच्या बुटाला मारतात तशा. लेकीने काकांना रडताना प्रथमच पाहिलं. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. 

संध्याकाळी बाहेरची माणसं पांगल्यावर काका स्वयंपाकघरात आले, दार लोटलं आणि स्टुलावर बसले.

"जागेचं बघायला हवं," ते म्हणाले. "वहिनीशेजारची."

दफनभूमी मंडळीची. आईच्या शेजारची जागा बाबांनी तेव्हाच मोकळी ठेवायला सांगितली होती. पण मंडळीच्या जुन्या ठरावात एक कलम होतं: वर्षभर ज्याने भाकर-प्याला घेतला नाही त्याला मंडळीत धरू नये, त्याला हॉलमधून निरोप नाही आणि त्या भूमीत जागा नाही. आजवर कुणावर ते लागू करायची वेळ आली नव्हती.

"ठराव जुन्या पिढीचा आहे," काका म्हणाले. "पण आहे. आज दुपारी मंडळीची वही लिहिणाऱ्या छापखानेवाल्या आजोबांनी विचारलंच. उद्या दहाला सगळ्यांना बोलावलंय."

"मग?"

"मग मी सांगणार, की शनिवारी संध्याकाळी दादाने मला फोन केला, आमच्यातलं मिटलं आणि आज तो भाकर घेणार होता. मिटलं म्हटलं की कलम उरत नाही."

लेकीने विचारलं, "शनिवारी फोन आला होता?"

"नाही."

"तुमच्यात काही होतं तरी का?"

"मला काय माहीत! विचारून विचारून थकलो. चहा पाजून परत पाठवायचा." काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "पण लोकांना वाटतं होतं. मग ते वाटणं आता तरी कामाला येऊ दे."

"काका, हे खोटं आहे."

"आहे."

"खोटी साक्ष देऊ नये, हे तर दहा आज्ञांतलं."

"मला शिकवू नकोस, पोरी. मुलांना तोंडपाठ मीच करून घेतो ते." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझा एकच भाऊ. त्याला मी गावाबाहेर कुठल्या तरी नंबराच्या जागेत टाकू? त्याच्यासाठी एवढं खोटं मी बोलेन. देव मला बघून घेईल."

 नळाखालच्या भांड्यात थेंब पडत होते. मग लेक म्हणाली, "माझ्या वेळी तर खोटंसुद्धा लागलं नसतं. खऱ्यावर भागलं असतं."

काकांनी चष्मा घातला. पुन्हा काढला.

"जे लिहिलं होतं ते मी वाचलं," ते म्हणाले.

"नवऱ्याने बायकोवर कशी माया करायची, तेही तिथेच लिहिलंय. चार पानं सोडून असेल. ते का नाही वाचलंत?"

"सगळं कोण वाचतं गं," काका म्हणाले. चिडून नव्हे. दिवसभर दुकानात उभं राहिलेला माणूस शटर ओढताना बोलतो, तसं. "सगळं वाचायला लागलो तर हॉलमध्ये बसायला माणूस उरणार नाही. मी पण नाही."

आत काकू कपाटातून बाबांचा कोट काढत होत्या. तिथूनच त्यांनी हाक मारली, "अहो, झालं का तुमचं शास्त्रार्थाचं? या कोटाचं अस्तर सुटलंय. दुनियेच्या मशीनी सरळ केल्या भावजींनी, आणि यांच्याच कोटाला टाका नाही!"

काका उठले. दाराशी थांबून म्हणाले, "एकट्याची साक्ष चालत नाही. तुला माहितेय. मी म्हणणार, फोन केला तेव्हा लेक शेजारी होती. तुला काही बोलायचं नाही. बायकांना बोलायचं नसतंच. माझ्याकडे बघून फक्त मान हलव. एवढं तुझ्या बापासाठी कर."

"हलवते," लेक म्हणाली.

तिने ते मनापासून म्हटलं. तिला वाद नको होता. तिला बाबा आईशेजारी हवे होते आणि झोप हवी होती. एक मान हलवायची, तिच्यात काय मोठंसं. त्या हॉलमध्ये याहून मोठ्या गोष्टींवर मानाच हलल्या होत्या.

*

सोमवारी सकाळी ती एकटीच बावीस पायऱ्या चढली. प्रत्येक चौथ्या पायरीवर थांबायची सवय पायांना लागलेली, पाय आपोआप थांबत होते. वर तीसेक माणसं आली होती. मेजावर पांढरं कापड तसंच, त्यावर आदल्या दिवशीच्या प्याल्याचा एक तांबूस गोल डाग. ती सवयीने शेवटच्या बाकावर बसली. काकू पुढून खुणावत राहिल्या, इकडे ये, इकडे. ती गेली नाही.

छापखानेवाले आजोबा मंडळीची वही घेऊन बसले होते. वय ब्याऐंशी, हात कापायचे, पण अक्षर अजून छापल्यासारखं. माणूस दुष्ट नव्हता. बाबांकडून त्यांच्या म्हाताऱ्या बहिणीचं मशीन दर वर्षी फुकट साफ होऊन जायचं. पण लिहिलेलं म्हणजे लिहिलेलं.

काका उभे राहिले. त्यांनी सांगायचं ते सांगितलं. दादा आणि आपल्यात अंतर पडलं होतं हे सर्वांना माहीत आहे. आपलंही चुकलं असेल. पण प्रभूची कृपा थोर. शनिवारी संध्याकाळी दादाचा फोन आला आणि चौदा वर्षांचं ओझं पाच मिनिटांत उतरलं. बोलताना त्यांचा आवाज दाटून आला. लेकीच्या लक्षात आलं, की दाटून आलेलं खोटं नाही. तो फोन यावा असं या माणसाला चौदा वर्षं वाटत होतं. पुढच्या बाकांवर बायकांनी डोळे टिपले. कुणीतरी हळू आवाजात आमेन म्हटलं.

"अशी जर गोष्ट असेल," छापखानेवाले आजोबा म्हणाले, "तर आनंदच आहे. पण एकाच्या सांगण्यावर मला लिहिता येणार नाही. रागावू नका."

"रागावायचं काय त्यात. लेक तेव्हा त्याच्याजवळ होती," काका म्हणाले आणि मागे वळले.

तीस माणसं त्यांच्याबरोबर वळली. बाकांचा करकर आवाज झाला. आजोबांनी लेखणी कागदावर टेकवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "होतीस ना, बाळ? नुसती मान हलव. बोलायची गरज नाही."

लेकीने मान हलवायला घेतली, आणि तिला दिसलं आता काय होणार आहे. आजोबा आपल्या सुरेख अक्षरात लिहिणार, की हे गृहस्थ भावावर रुसून चौदा वर्षं मागे बसले आणि शेवटी त्यांना सुबुद्धी झाली. दोघांची साक्ष, खाली तारीख. बाबांचा रुसवा कायमचा वहीत जाईल. जो माणूस रुसलाच नव्हता, त्याचा. आणि जिचा राग होता ती साक्षीदार म्हणून.

तिला बाबांचा राग आला, आत्ता, या क्षणीही. त्यांनी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर आज हे काहीच नसतं. इथेच, समोर, ते हाताकडे बघत बसले होते आणि एका माणसाच्या गप्प बसण्यावर सगळं ठरून गेलं होतं. आता तिची पाळी होती. गप्प बसलं की सगळं सुरळीत. आईशेजारची जागा, हॉलमधून निरोप, काकांचे भरलेले डोळे. फक्त हाताकडे बघायचं.

"बाळ?" आजोबा म्हणाले.

ती उठली. उठताना गुडघे वाजले. पुढच्या बाकावरच्या काकूंनी हाताने खाली बस, खाली बस, असं केलं. कुणीतरी घसा खाकरला. काका तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा, औषधाची चिठ्ठी नीट वाचता येत नसली की व्हायचा, तसा झाला होता.

"मान हलवून होणार नाही," लेक म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून ती थांबली आणि पुन्हा बोलली. "आजोबा, लिहू नका. फोन आला नव्हता."

"अगं ए," काका पुटपुटले.

"काका, बोलू द्या. तुम्ही त्यांच्या मायेने म्हणालात, मला कळतं." तिने पुढच्या बाकाची पाठ धरली. "सभेत बायकांनी बोलू नये हे मला माहीत आहे. मी तशीही तुमच्या यादीत नाही, मग माझं बोलणं मोजू नका. पण ऐका."

कुणी उठून गेलं नाही. खाली वखारीत आज करवत बंद होती.

"बाबांचं काकांशी भांडण नव्हतं. तुमच्यातल्या कुणाशीच नव्हतं. दुसऱ्याच्या मनात आपल्याबद्दल काही असेल तर आधी ते मिटवावं, मग पुढे जावं, असं लिहिलेलं आहे. ते तेवढं एक पाळत होते. ते दुसरं माणूस मी. इथे माझ्याबद्दल वाचलं गेलं, तेव्हा ते बोलले नाहीत. ते मी त्यांच्याविरुद्ध धरून ठेवलं."

आजोबांची लेखणी कागदावर तशीच टेकलेली होती. शाईचा ठिपका पसरत होता, पण त्यांनी ती उचलली नाही.

"जागेचं तुम्ही ठरवा. द्या किंवा देऊ नका, मी भांडायला येणार नाही. माझ्यात ती ताकद उरलेली नाही. पण ते रुसून बसले होते असं वहीत घालू नका." ती थांबली. आता खाली बसलं असतं तरी चाललं असतं. सगळं सांगून झालं होतं, म्हणजे सांगण्यासारखं. काकूंनी तिच्यासाठी सरकून जागासुद्धा केली.

लेक उभीच राहिली.

"ते दर महिन्याला मला विचारायचे, माझ्याबद्दल मनात काही आहे का," ती म्हणाली. "मी नाही म्हणायचे. ते खरं नाही हे त्यांना कळायचं, म्हणून ते मागेच बसायचे. होतं म्हटलं असतं तर ते त्याच दिवशी माझ्यापुढे रडले असते, मला माफ करावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ते उठून तुमच्याबरोबर पुढे गेले असते. मला ते माहीत होतं. म्हणून मी नाही म्हणायचे. त्यांना तिथे मीच बसवून ठेवलं होतं."